थोरल्या जाऊबाई आणि पेट्रोलचा डबा

थोरल्या जाऊबाई मला आवडत नाहीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आवडल्या नाहीत, आजही नाहीत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. "बरं," एवढंच म्हणाल्या. असलं कोरडं बोलणं तर माझ्या फारच डोक्यात जातं.

त्या कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्ट तपासतात. एक टाका सुटलेला दिसला की शर्ट बाजूला. दिवसभर हे करून घरी येतात आणि घरातही तेच सुरू. नळ नीट बंद केला नाही, भांडी पालथी घातली नाहीत, गॅसचं बटण अर्धंच फिरवलं. सासूबाईंशी तर त्यांचं हाडवैरच. मोठे दीर आजारपणात गेले तेव्हा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "माझ्या पोराला हिनेच खाल्लं." त्यानंतर दोघींमध्ये कामापुरतंही बोलणं उरलं नाही.

पुढे सासूबाईंच्या छातीने दगा दिला, म्हणून घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि वीज गेली तरी ते चालावं म्हणून पेट्रोलवरचा लहान जनरेटर. तो जाऊबाईंनी मागच्या अंगणात, खिडक्यांपासून लांब ठेवला. धूर घरात शिरला तर कळायच्या आत सगळे संपाल, म्हणे. पेट्रोलचा डबा शेडमध्ये कुलपात आणि किल्ली जाऊबाईंच्या कमरेला. जसा काही सोन्याचा हंडाच!

वादळात विजेच्या तारा तुटल्या त्या दिवशी जनरेटर सकाळपासून चालू होता. ऑक्सिजनचा जादाचा सिलिंडर भरून आणायला गेलेला माझा नवरा रस्त्यातच अडकला होता. दुपारी पेट्रोल तळाला गेलं, तेव्हा जाऊबाई अंगणात आल्या आणि त्यांनी चालता जनरेटर स्वतःच्या हाताने बंद केला.

आत सासूबाईंचं मशीन थांबलं. त्यांना धाप लागली.

"ओता ना पटकन!" मी ओरडले.

"इंजिन तापलंय. निवू दे."

"अहो, आईंचे ओठ निळे पडलेत!"

"त्यांना बसतं कर. जरा पुढे वाकव."

तसं करून मी धावत परत आले, तर बाईसाहेब इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून फडक्याने पुसत होत्या. पुन्हा बुडवली, पाहिली, तेल थोडं कमी होतं तर थेंबथेंब ओतत बसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोपऱ्यावरचा सलूनवाला तर चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओततो!"

"ओतू दे त्याला."

"मुद्दाम करताय तुम्ही. सूड उगवताय!"

मी डबा उचलायला झेपावले, तर त्या सरळ डब्यावर बसल्या. मी त्यांचा दंड धरून ओढला. माझी नखं रुतली, रक्त आलं, पण बाई हलली नाही. मधूनमधून फक्त इंजिनाजवळ तळवा नेऊन बघत होती. आतून सासूबाईंचा घरघर आवाज येत होता आणि मी दाराशी रडत उभी होते.

शेवटी उठल्या. नरसाळं लावून सावकाश पेट्रोल ओतलं, टाकी काठोकाठ भरली नाही. झाकण घट्ट केलं, सांडलेलं पुसलं, ते सुकेपर्यंत थांबल्या. डबा शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि मग कुठे दोरी ओढली.

सासूबाई वाचल्या. संध्याकाळी त्यांना जरा बोलता यायला लागलं, तशी मी त्यांचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं, दारातल्या जाऊबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आई, आजपासून पेट्रोल मी भरणार. यांना किल्ली माझ्याकडे द्यायला सांगा."

सासूबाईंनी दोनतीनदा श्वास गोळा केला.

"नको. तिच्याकडेच राहू दे."

"आई, तिने तुम्हाला मारलंच होतं!"

"तिला माझी दया येत नाही, म्हणून ती थांबते," त्या म्हणाल्या. "तुझा माझ्यावर जीव आहे. मला धाप लागली की तुला थांबणं जमणार नाही. तू घर पेटवशील, पोरी."

मला हुंदका फुटला, आणि तोही नेमका जाऊबाईंच्या समोर.