खिडकीतला आ वासलेला एव्हर्ट

नवरा गेला तेव्हा लायडनमधल्या शेजाऱ्यांनी माख्तेल्टला सांगितलं होतं, छापयंत्र विकून टाक, बाईच्या दंडांचं हे काम नाही. तिनं बाह्या वर सारल्या आणि ओढली दांडी. तेव्हापासून कालव्याकाठच्या त्या दुकानातले नकाशे, पंचांगं, पाद्रीबुवांचे चेहरे, सगळं तिच्याच हातचं.

खिडकीत मात्र वर्षानुवर्षं एकच चित्र. विस्कटलेले केस, वटारलेले डोळे, आ वासलेलं तोंड, आणि खाली नाव, एव्हर्ट पुलमान. हा एव्हर्ट, तेव्हा होतकरू चित्रकार, विशीत असताना तिच्याच आरशासमोर उभा राहून वेडीवाकडी तोंडं करायचा. त्यातलं हे पहिलं, तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरलेलं. पहिला ठसा त्यानं माख्तेल्टला दिला, कारण त्या हिवाळ्यात तिच्याच काळ्या पावावर आणि ताकावर तो जगला होता. पुढे पत्रा घासून त्यावर त्यानं दुसरंच काही कोरलं. त्या चेहऱ्याचा एवढा एकच कागद उरला.

आता एव्हर्ट ॲमस्टरडॅमचा मोठा चित्रकार. त्याचा शिष्य सिब्रांट एके दिवशी दुकानात आला. हातात गुरूचं नवं चित्र, मखमली टोपी आणि गळ्यात साखळी असलेलं.

"मावशी, हे घ्या आणि खिडकीतलं द्या."

"हा कोण?"

"गुरुजीच की."

"ह्याला मी नाही ओळखत. ह्यानं माझ्याकडे कधी ताक नाही मागितलं."

सिब्रांट ओशाळला. "गुरुजी म्हणतात, खिडकीतलं त्यांचं नाहीच. नाही उतरवलंत तर चित्रकार-छपाईवाल्यांच्या संघापुढे तक्रार करतील. खोट्या नावानं चित्र लावलं म्हणून तुमचं यंत्र बंद होईल, मावशी."

"त्याचं नाही, तर त्याला हवंय कशाला? म्हणावं, ये आणि माझ्या तोंडावर सांग."

एव्हर्ट आला. बाजाराच्या दिवशी, मखमली टोपी घालून, संघाचे म्हातारे प्रमुख बाल्टस यांना सोबत घेऊन. हेरिंग मासळीच्या टोपल्या खाली ठेवून बायका गोळा झाल्या.

"हा मी नव्हे," तो शांतपणे म्हणाला. "असा चेहरा माझा कधीच नव्हता."

माख्तेल्टनं खिडकी उघडली. "तेव्हाही असाच खोटं बोलायचास. म्हणायचास, भूक नाही."

बायका हसल्या. एक मासेवाली म्हणाली, "गुरुजी, टोपी काढा की जरा. आम्हालाही कळू दे."

"माझ्या टोपीला हात लावायची कुणाची..."

माख्तेल्टचा शाईनं काळा झालेला हात खिडकीतून बाहेर आला आणि टोपी घेऊन आत गेला. केस चहूकडे उभे राहिले. डोळे वटारले. तोंडानं आ वासला.

बाल्टसनी खिडकीकडे पाहिलं. मग एव्हर्टकडे. पुन्हा खिडकीकडे.

"यंत्र चालू राहील," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

गर्दी पांगली तरी एव्हर्ट तिथेच उभा होता. त्यानं हलकेच विचारलं, "ताक आहे?"

"आहे. आत ये," माख्तेल्ट म्हणाली. "चित्र तिथेच राहील."