सरांच्या आधी घास

इंग्लंडात वाळवंट आहे म्हणे! केंटच्या किनाऱ्यावर, जिकडे बघावं तिकडे गोटेच गोटे, आणि मागे अणुवीज केंद्र. वाळू औषधालाही नाही. पण सरांनी ग्रुपवर 'डेझर्ट हाइक, मधोमध लपलेलं ओअॅसिस' असं टाकल्याबरोबर स्टॅनमोर, बर्मिंगहॅमहून आम्ही सहा डॉक्टर भल्या पहाटे निघालो. तीस वर्षांपूर्वी सरांच्या वॉर्डात, त्यांच्या हाताखाली हाऊसमन होतो. आता आम्ही सगळे कन्सल्टंट, निम्म्यांना टक्कल, तरी सर बोलले की आमच्या माना डोलतात. काडीची लाज नाही.

खाणं ओअॅसिसच्या तळ्यावरच, सगळ्यांनी एकत्र, असं सरांनी फर्मान काढलं. सरांच्या आधी घास घ्यायचा नाही ही आमची वॉर्डातली जुनी खोड, त्यामुळे कोणी हूं की चूं केलं नाही. पाठीवर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि पोटात कावळे घेऊन निघालो. सरांच्या पत्नी, म्हणजे मॅडम, सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन निघाल्या होत्या. गाडीत त्यांनीच मला सांगितलं होतं.

सरांना मॅप लागत नाही. डाव्या हाताला विलोची हिरवी झाडी अगदी स्वच्छ दिसत होती. या रखरखाटात झाडी म्हणजे पाणी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सर उजवीकडे वळले. सहाही जणांनी झाडीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट उजवीकडे वळले. असले आम्ही शहाणे.

तासाभराने लोणच्याबद्दल बोलता बोलता मॅडम मध्येच गप्प झाल्या. गार वारा सुटलेला आणि त्यांच्या ओठांवर घाम. बॅगेच्या चेनवर बोटं थरथरत होती. मी डायबेटिसचीच डॉक्टर, साखर उतरल्याची ही लक्षणं मला पाठ. एखाद्या विद्यार्थ्याने हे बघून तोंड उघडलं नसतं, तर मी त्याची सालटी काढली असती. मी काय केलं? सरांना विचारलं, जरा थांबायचं का. ते मागे न बघता म्हणाले, आलंच. आणि मी चालत राहिले.

मॅडम गोट्यांवर बसल्या, म्हणजे पडल्याच. तेव्हा कुठे खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या काढून मी त्यांच्या तोंडात घातल्या. त्या गोळ्या मी रोज खिशात ठेवते. पंधरा मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सर माझ्यावरच डाफरले, वेळेवर सांगता येत नाही का म्हणून. बाकीचे पाच जण बुटांच्या नाड्या बांधत होते.

मॅडमनी तिथेच डबा उघडला. एक पुरी खाल्ली, दुसरी खाल्ली, सरांना विचारलंही नाही. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या,

"गोळ्या तुझ्या खिशात होत्या ना गं? मग ह्यांची परवानगी कशाला हवी होती?"

उत्तर द्यायच्या आधी मी सरांकडे बघितलं.