पेंटरकाकूंची जपानी ट्रॉली

"पुसायचं न्हाई."

काकू हे ब्रश दातात आडवा धरून, डावा डोळा मिटून म्हणायच्या. शब्द अर्धे ब्रशातच अडकायचे, पण माझा हात आपोआप थांबायचा.

उंब्रजला सर्व्हिस रोडच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर बाहेर वाळत घातलेले ट्रॉलीचे फाळके, म्हणजे मागच्या पत्र्याच्या फळ्या, नक्की बघितले असतील, पिवळ्यावर लाल अक्षरं. पेंटर खरं तर त्यांचा नवरा होता. त्याचा हात कापायला लागला तसा काकूंनी ब्रश घेतला, आणि नंतर कुणी "पेंटर कुठंय?" विचारलं की त्या स्वतःकडंच बोट करायच्या. निम्मी गिऱ्हाइकं रंगवलेलं वाचूनसुद्धा बघायची नाहीत. काकूंनी लिहिलंय ना, मग बरोबरच. काकूंना तेवढीच एक गोष्ट मिरवायला आवडायची.

मी तिथं का, तर आमच्या कंपनीची बस त्यांच्या शेडसमोर थांबते. कराडच्या कंपनीत मशीन जपानी, मॅन्युअल जपानी. मी कॉलेजात असताना जपानी शिकले होते, चांगली पाचसहाशे कांजी यायची. कांजी म्हणजे त्यांची ती चित्रासारखी अक्षरं, एकेकात दहा-पंधरा रेघा. मग नोकरी लागली आणि चार वर्षं वही माळ्यावर. आता साहेब म्हणाले, पुढची परीक्षा पास झालीस तर मॅन्युअलचं काम तुझं. मी वही खाली काढली तर कसरीनं नेमकी अर्थाची बाजू खाल्लेली. अक्षरं शाबूत, अर्थ गायब. डोक्यातही तेच झालेलं.

पहिल्याच दिवशी मी बाकावर बसून लिहीत होते, खोडत होते, परत लिहीत होते. काकू मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय गं?"

"जपानी, काकू."

त्यांनी लय वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यावर पदर न्हाई."

मला कळेना. त्यांनी बोटानं वरची रेघ मारून दाखवली, आपल्या अक्षरांवर असते ती. "आपलं अक्षर कसं, झाकून-पाकून. ही उघडीच हिंडत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पेन्सिल काढून घेतली आणि हातात ब्रश दिला. रद्दी पेपर, काळा रंग. "खोडरबर हाय म्हणून तू चुकतीस. आता चूक बघू." काकूंना जपानीचा एक शब्द येत नव्हता, पण मी रेघ उलट्या बाजूनं ओढली की लगेच कळायचं. "ही खालनं वर गेलीया. रंग कुठं जाड झालाय बघ की." मी पुस्तकात बघायचे. काकू बरोबर. रोज बरोबर. माझी चिडचिड व्हायची अक्षरशः.

आणि मग मी ती माती खाल्ली.

साखर कारखाना सुरू व्हायच्या आधी सगळे उसाच्या ट्रॉल्या रंगवून घेतात, पूजा करतात. एक ट्रॉलीवाला आला. म्हणाला, "काकू, आवंदा कुणाच्या ट्रॉलीवर नसंल असं कायतरी टाका." काकूंची नजर माझ्या पेपरावर. दोन अक्षरं होती, तेवीस रेघा, एकदम भरगच्च, जुन्या वहीतनं उतरवलेली.

"हे झ्याक दिसतंय. म्हंजे काय गं?"

आता बघा, "आठवत नाही" म्हणायला काय जात होतं? पण ट्रॉलीवाला बघत होता, काकू बघत होत्या, बस यायची वेळ झालेली. मी म्हणलं, "भरभराट."

संध्याकाळी परत आले तर पिवळ्या फाळक्यावर ती दोन अक्षरं, हातभर उंच, असली देखणी की मी फोटो काढला. खाली कोपऱ्यात काकूंचं नाव.

दीड महिन्यानं कंपनीत एक मशीन बंद पडलं. स्क्रीनवर लाल पट्टीत तीच दोन अक्षरं. मी शब्दकोश उघडला. बिघाड. हंगाम लागल्यापासनं ती ट्रॉली पाठीवर 'बिघाड' लिहून उंब्रज ते कारखाना पळत होती, आणि खाली नाव काकूंचं.

दोन दिवस मी बसची वाट दुसरीकडं बघितली. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगून टाकलं. वाटलं होतं, हसतील.

काकूंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला, हात पुसले, नवऱ्याच्या जुन्या स्कूटरची किल्ली मला दिली आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

"काकू, पण कुणाला वाचता येतंय इथं?"

"तुला येतंय की."

ट्रॉलीवाला कारखान्याच्या बाहेर नंबर लावून उभा होता. मागंपुढं पन्नासेक ट्रॉल्या, ड्रायव्हर लोक पत्ते खेळत बसलेले. मला वाटलं, काकू त्याला बाजूला घेऊन सांगतील. कुठलं काय. सगळ्यांच्या समोर, खणखणीत: "माझ्या हातनं चुकीचं लिवलं गेलंय. तुझ्या ट्रॉलीवर बिघाड लिवलाय. पुसून देते."

म्हणजे बघा, 'ह्या पोरीनं सांगितलं' असं त्या म्हणाल्याच नाहीत.

पत्ते थांबले. ट्रॉलीवाला फाळक्याकडं बघायला लागला, मग काकूंकडं. "पुसायचं? आवं काकू, ह्या हंगामात एक पंक्चर न्हाई मला. हात लावू नगा त्याला."

"चुकीचं हाय रं ते."

"आसू दे की. माझं काम हुतंय."

"तुझं हुतंय. खाली नाव माझं हाय."

दोघंही हटेनात. बाकीचे मजा बघत होते. एक जण म्हणाला, "काकू, माझ्यावर पण बिघाड लिवा." हशा. काकू हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यांच्यात 'न्हाई' कसं लिवत्यात? म्होरं लावता येतं?"

येतं की. एक अक्षर पुढं लावलं की बिघाड नाही, बिनबिघाड. जागा पण होती. ट्रॉलीवाले मागनं कधीतरी 'श्री' टाकून घ्यायला येतातच, म्हणून काकू डावीकडं एक अक्षर कायम मोकळं सोडतात. मी फोन काढला.

"फोन ठीव. तुझ्या हातनं काढ. मागच्या बारीला पण वहीत बघूनच दिलं हुतंस."

खडू दिला. पन्नास माणसं, आणि चार वर्षांत मी ते अक्षर लिहिलेलं नव्हतं. एक तिरकी रेघ. दोन आडव्या. चार उभ्या. खाली परत आडवी. आणि तळाला ठिपके, पण किती? तीन काढले आणि हात थांबला. डोकं कोरं.

"काय काढतीया?" मागनं कुणीतरी.

"ऊस हाय न्हवं उभा. खाली चाकं."

"तीन चाकाची ट्रॉली व्हय?"

मी चौथा ठिपका दिला. सगळं एकदम आठवलं, बारा रेघा, बरोबर. काकूंनी डावा डोळा मिटून बघितलं आणि त्यावर लाल रंग चढवला. ट्रॉलीवाला खूश. "ही तर माझीच ट्रॉली काढली की." परत जाताना गाडीवर मागं बसून काकू एकट्याच खुदूखुदू हसत होत्या. कराडच्या फाट्यापर्यंत.

त्यानंतर माझ्यावरचा विश्वास संपला तो संपलाच. रोज बस यायच्या आधी मागच्या आठवड्यातलं कुठलंही अक्षर दाखवून अर्थ विचारायच्या, परवा एक आणि आज दुसरा सांगितला की धरायच्या. "परवा डोंगर म्हणालीस. आज भिंत झाली व्हय?" पुस्तकानं माझी एवढी उजळणी कधी घेतली नाही.

परीक्षा झाली. त्याच सुमारास सर्व्हिस रोड खणला आणि बस लांब पुलाजवळ थांबायला लागली. निकाल लागायच्या आधीच काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीला बहिणीकडं गेल्या. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी मी बस सोडून थेट शेडकडं पळाले, आल्या असतील म्हणून. शेडला कुलूप. पत्र्यावर लाल रंगात एकच अक्षर. डावीकडं माणूस, त्याला लागून झाड. माझ्या रद्दीतनं कधी उचललं होतं काय माहीत. झाडाची एक रेघ थरथरली होती आणि तशीच ठेवली होती.

शेजारचा चहावाला बाहेर आला. "पंधरा दिस झालं, समदी मलाच इचारत्यात. काय लिवून गेलीया ही?"

"विश्रांती," मी म्हणलं. "म्हणजे दुकान बंद आहे."

तो पत्र्याकडं बघत राहिला.

"मग मराठीत लिवाय काय झालं हुतं तिला?"