फेरारो म्हणजे लोहार

निवृत्त होईपर्यंत मी दारव्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजी आडनावांचे अर्थ मी दरवर्षी रंगवून सांगायचो. टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार, स्मिथ म्हणजे लोहार. पोरं खूश व्हायची. समोरचा मास्तर स्वतः लोहाराचा मुलगा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. नोकरी लागण्याआधीच मी लोहार हे आडनाव काढून गावाच्या नावाला ‘कर’ जोडून घेतलं होतं. आडनाव बदलणं हा गुन्हा नाही. पुष्कळांनी बदललं, त्यांची कारणं होती. माझा गुन्हा त्याच्या पुढचा आहे आणि तो लिहायचाच असं मी ठरवलं आहे.

मोठ्या भावाने गावात भाता चालवला, म्हणून मी बी.ए. झालो. माझ्या मुलाचं लग्न यवतमाळला होतं. भाऊ नव्या सुनेसाठी स्वतः घडवलेली विळी पेपरात गुंडाळून घेऊन आला. अंगावर धुतलेला पण कळकट सदरा. व्याही वकील. त्यांनी विचारलं, “हे कोण?”

“गावाकडचे लोहार,” मी म्हणालो. “आमची अवजारं करतात.”

भाऊ हातभर अंतरावर उभा होता. “हो जी,” तो म्हणाला, “मास्तरांची अवजारं मीच करतो.” मग तो जेवला, विळी सुनेच्या हातात दिली आणि जीपने निघून गेला. पुन्हा माझ्या दारी आला नाही. मी गावी गेलो की चहा मिळायचा, बोलणं मिळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला नोकरी करणारी माझी नात ऑफिसमधल्या एका इटालियन मुलाला घेऊन आली. त्याला टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ पाहायचा होता. जेवताना मी सवयीने त्याच्या आडनावाचा अर्थ विचारला.

“फेरारो,” तो म्हणाला. “इंग्रजीत स्मिथ.” आणि हवेत घणाचा घाव घालून दाखवला. त्याचे आजोबा घोड्यांना नाल ठोकायचे. इंग्लंडमध्ये शिकताना कोणाला त्याचं आडनाव नीट म्हणता आलं नाही, तर तो म्हणायचा, मग स्मिथ म्हणा, अर्थ तोच आहे. “आणि तुमच्या आडनावाचा अर्थ?”

“एका गावाचं नाव आहे,” मी म्हणालो.

बायको पोळी वाढता वाढता थांबली. तिला सगळं माहीत होतं. “पाहुणा घरचं सांगून राह्यला,” ती म्हणाली, “आन तुम्ही गावाचं सांगून राह्यले.”

“म्हणजे?” नातीने विचारलं.

मी सांगितलं. ताट तसंच ठेवून, लग्नातल्या त्या वाक्यासकट. नातीने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “त्या विळीवर आई अजून भाजी चिरते, आजोबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेलो. भाऊ ओट्यावर बसला होता. मी त्याच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, “दादा, मले माफी मागायची आहे.”

“इथं कायले मागतं? कोंबड्या आयकून राह्यल्या का?” तो म्हणाला. “बोलला तं चार लोकात. चार लोकातच सांग.”

“सांगतो. केव्हा जायचं?”

“केव्हा म्हणजे? वय पाह्य आपलं. चाल.”

त्याने सदरासुद्धा बदलला नाही. यवतमाळच्या जीपमध्ये आम्ही खेटून बसलो. व्याह्यांच्या घरी सगळे बैठकीत होते. वकीलसाहेब, विहीणबाई, त्यांचा मुलगा आणि त्याची बायको. बसा म्हणायच्या आत मी बोलून टाकलं. “हे माझे सख्खे मोठे भाऊ. मीही लोहारच. लग्नात मी तुमच्याशी खोटं बोललो.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “मास्तर, नाक तर दोघांचं एकाच साच्यातलं आहे,” ते म्हणाले. “आम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“मग तुम्ही काही बोलले नाही?”

“तुम्हीच भाऊ म्हणायला तयार नव्हते. आम्ही काय म्हणणार?”

हे ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणजे माझ्या खोट्याने कोणीच फसलं नव्हतं. ते लागलं होतं फक्त एका माणसाला, आणि तो माझ्या शेजारी उभा होता. मी पुन्हा एकदा, त्याच्याकडे तोंड करून, सगळ्यांसमोर माफी मागितली.

तो खुर्चीवर बसला. विहीणबाईंनी चहा आणला. त्याने तो बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “हा माहा लहाना भाऊ. तापाले लय टाइम लागला याले. पण वाकला.”