तबकडीवरची काळी धूळ

मित्रांनो, एक सल्ला हवा आहे.

आमच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज काही दिवसांपासून फाटत होता. माझे मोठे भाऊ नाटक मंडळीत गायचे. ते आता नाहीत. त्यांच्या आवाजाची एकच तबकडी घरात आहे, ती मी रोज लावतो.

इकडे मोहाडीकडे सध्या धानाची मळणी चालू आहे. मला वाटलं, तीच धूळ बसत असेल. म्हणून मी रोज सुई पुसायचो. सुई घसरू नये म्हणून तिच्या दांडीवर एक जड नाणंही चिकटवलं होतं.

आज बायकोनं ते पुसायचं फडकं उचललं.

"अजी, धानाची धूळ पिवळी असते. हे काळी काहून आहे?"

मी भिंगातून पाहिलं. सुईचं टोक झिजून छिन्नीसारखं झालं होतं, त्यात वरून नाण्याचा भार. ती काळी भुकटी तबकडीचीच होती. मी रोज भावाचा आवाज खरवडून फडक्यानं पुसत होतो.

"रडाले मंग वेळ आहे, पयले ते नाणं काढा," बायको म्हणाली.

नाणं काढलं. नवी सुईही मिळेल. पण जाणकारांनो, ती बसवून तबकडी लावून पाहू का? आवाज उरला नसेल तर?