वजनाला वीस गुण

लॅपटॉप निवडण्याआधी मी सात जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या, ही गोष्ट खरी आहे. कुणी विचारले तर ती मी आजही सांगू शकते, आणि अनेकदा सांगितलीही आहे. त्या मुलाखतींचे पुढे मी काय केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

नाचणगावात आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. एक लांब टेबल, भिंतीशी दोन कपाटे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, आणि संध्याकाळी वीज गेली की सगळ्यांनी आपापली वही घेऊन ओट्यावर येऊन बसणे. विहार समितीने तिथे एक लॅपटॉप घ्यायचे ठरवले. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटरीवर चालणारे यंत्र हवे, इतके समितीला स्वतःहूनच उमगले होते. पुढचे ठरवायला माझे नाव निघाले. वस्तीतून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणारी मी पहिलीच होते, आणि हे ‘पहिलीच’ मला त्या काळात फार प्रिय होते.

समितीचे काम पाहणारे मामा पुलगावच्या डेपोतून निवृत्त झालेले. नात्याने माझे कुणी नव्हेत, पण सगळ्या वस्तीचे मामा. ते म्हणाले, “आमाले त्यातलं काई समजत नाई, बाई. तू सांगशीन तो घेऊ. फक्त भंगार नको निघाला पाह्यजे.”

“नाई निघनार, मामा. शास्त्रीय पद्धतीनं निवडीन.”

“शास्त्रीयच निवड. मागच्या खेपी पंखा घेतला, तो दुकानदाराच्या भाच्यानं निवडला होता. हवा सोडून सगळं देते.”

मी वही घेतली आणि अभ्यासिकेत नेमाने येणाऱ्या सात जणांना एकेक करून बसवले. बारावीच्या मुलींना व्हिडिओवरचे धडे चौघींनी मिळून पाहायचे होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना सराव-प्रश्नपत्रिका सोडवायच्या होत्या. सातवी मुलाखत वहिनींची.

वहिनी आमच्या मागच्या गल्लीत राहतात. यजमान नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी वहिनींना देवळीच्या एका कार्यालयात अनुकंपा तत्त्वावर लिपिक म्हणून नेमणूक मिळाली. आदेशात एक अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाही तर लिपिकाची खुर्ची सोडून शिपाई म्हणून काम करायचे. पुलगावच्या टायपिंग क्लासमध्ये त्यांनी नाव घातले होते, पण देवळीहून बस येईपर्यंत त्यांची तिथली वेळ बहुधा टळलेली असे. सराव व्हायचा तर अभ्यासिकेतच व्हायचा होता.

“तुम्हाले काय पाह्यजे, वहिनी?” मी विचारले.

“बटन दाबलं का बोटाले समजलं पाह्यजे. मले खाली पाहून नाई चालत, कागदाकडे पाहा लागते.” मग त्या म्हणाल्या, “अन् तो इथंच राह्यला पाह्यजे. मी सात वाजता येते. तवा तो या टेबलावर असला, का झालं.”

दोन्ही वाक्ये मी जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या वहीत ती अजून आहेत.

इथून पुढे मला स्वतःविषयी काटेकोर राहावे लागेल. त्या दिवसांत मी रोज रेल्वेने वर्ध्याला जात होते. प्रकल्पाचे काम चालू होते आणि दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेतली मुलाखत तोंडावर आली होती. माझा जुना लॅपटॉप थकला होता. चार्जर काढला की तो डोळे मिटायचा, आणि माझा प्रोग्राम तीन-चार तास चालवून ऐन शेवटाला अडकून पडायचा. यातले काहीही विहाराच्या लॅपटॉपशी संबंधित नव्हते, आणि तो तक्ता करायला बसताना मी ते मनाला बजावलेही होते.

सहा निकष, शंभर गुण. पहिल्या वेळी मी कीबोर्डला पंचवीस गुण दिले, पडद्याला वीस, बॅटरीला वीस, जवळपास दुरुस्ती होण्याला पंधरा, प्रोसेसर आणि मेमरी मिळून पंधरा, आणि वजनाला पाच. बाजारात मिळणारी चार यंत्रे या कसोटीला लावली, तेव्हा पहिला आला तो जाडजूड, विटेसारखा लॅपटॉप. खोल बटने, बाजूला आकड्यांची वेगळी पट्टी, रुंद पडदा. देखणा मुळीच नव्हता. सातही जणांना हवा होता तो हाच.

मी त्या उत्तराकडे बराच वेळ पाहत बसले. मग निकषांचा फेरविचार केला. ‘फेरविचार’ हा शब्द माझ्याजवळ तयार होता आणि तो सभ्य होता. दुसऱ्यांदाही वीटच पहिली आली. तिसऱ्या वेळी कीबोर्डवर पाच गुण उरले, प्रोसेसर आणि मेमरीचे पस्तीस झाले, वजनाचे वीस. आणि सडपातळ, राखाडी, एका हाताने उचलता येणारा लॅपटॉप वर आला. तिथे मी थांबले. चौथा फेरविचार करावासा मला वाटला नाही. हवे ते उत्तर आले की मोजणे थांबवायचे, याला आमच्या विषयात काय म्हणतात ते मी वर्गात इतरांना समजावून सांगत असे.

टेबलावरून हलायचेच नव्हते त्या वस्तूच्या वजनाला मी शंभरांतले वीस गुण दिले होते. ती उचलून नेणारी वस्तीत एकच व्यक्ती होती.

खरेदीला आम्ही वर्ध्याला गेलो. मी, मामा, आणि रविवार असल्यामुळे वहिनी. दुकानदाराने गरज ऐकली आणि ती वीटच काढून पुढे ठेवली. “टायपिंगले हा घ्या, मॅडम. जाड हाय, पन दमदार हाय.”

वहिनींनी त्याच्यावर दहाही बोटे ठेवली, ओळभर काहीतरी टाइप केले, आणि हसल्या. मग राखाडी लॅपटॉपवर तीच ओळ टाइप केली. “याच्यात बोट खाली जातच नाई वं. दाबलं का नाई दाबलं, समजूनच नाई राह्यलं.”

“नवीन हाय म्हनून तसं वाटते,” मी म्हणाले. “सवय होते आठ दिवसांत.”

मग मी तक्त्याची छापील प्रत उघडली. रंगीत होती. मामांनी चष्मा लावून बेरजेची शेवटची ओळ वाचली आणि वहिनींकडे वळून म्हणाले, “कागदावर हाय, म्हंजे बराबरच असन. तिनं अभ्यास केला हाय.”

वहिनींनी वीट दुकानदाराकडे हलकेच परत सरकवली. तक्ता वाचावा असे त्यांना वाटले नाही, कारण तो मी केला होता.

पहिल्याच आठवड्यात ठरले की लॅपटॉप रात्री माझ्या घरी ठेवायचा. विहाराच्या दाराची कडी धड नाही, हे कारण मामांनी सांगितले. दोन दिवस आधी त्यांच्यासमोर त्या कडीचा विषय मीच काढला होता. घरी येणारा लॅपटॉप पुढच्या सोमवारी वर्ध्याला गेला, आणि मग रोज जाऊ लागला. संध्याकाळी सातपर्यंत परत आणीन, असा माझा शब्द होता. गाडी कधी उशिरा यायची, कधी मीच पुढच्या गाडीने यायचे.

अभ्यासिकेत शिरले की वहिनी टेबलाशी बसलेल्या दिसत. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्याच्यावर कीबोर्ड आखला होता, अक्षरे निळ्या पेनाने, आकडे लाल. समोर उतारा ठेवून त्या पुठ्ठ्यावर बोटे चालवत असत. बारावीतली एक मुलगी त्यांना चिडवायची, “वहिनी, तुमचा लॅपटॉप कदी हँग नाई होत.” त्या म्हणायच्या, “चार्जिंग बी नाई लागत, माय. फक्त छापून तेवढं नाई येत.” सगळे हसत. मीही हसले आहे.

एका संध्याकाळी मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, पण त्यांच्याकडे वळवला नाही.

“वहिनी, प्रोग्राम चालू हाय. मधात थांबवला तं दिवसभराचं वाया जाईन.”

“किती वेळ लागते?”

“सकाळपर्यंत.”

“राहू दे मंग,” त्या म्हणाल्या. “तुई परीक्षा मोठी हाय.”

प्रोग्राम चालू ठेवूनही टंकलेखन करता आले असते. प्रोग्राम जरा मंदावला असता, इतकेच. हे मला त्या क्षणी ठाऊक होते. अशा संध्याकाळी किती झाल्या, हे मी मोजलेले नाही. सगळे मोजणाऱ्या माणसाने हेच नेमके कसे मोजले नाही, हा प्रश्न मला पडतो, आणि उत्तरही कळते.

माझी निवड झाली. रविवारी वंदनेनंतर मामांनी माझ्याबद्दल चार वाक्ये बोलून दाखवली, टाळ्या झाल्या, त्यांत वहिनींच्याही होत्या. नंतर काही दिवसांनी त्यांचा निकाल आला. गतीच्या उताऱ्यात त्या अनुत्तीर्ण झाल्या होत्या. अटीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. कार्यालयाने लेखी ताकीद दिली आणि पुढच्या परीक्षेपर्यंत मुदतवाढ दिली, शेवटची.

शेवटी मी खरे बोलले ते पश्चात्तापाने बोलले, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. वहिनी स्वतःच निकालाचा कागद घेऊन अभ्यासिकेत आल्या. मामा तिथे वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“तुले हिशेब येते,” त्या मला म्हणाल्या. “माया सरावाचे सगळे उतारे त्याच्यातच हायेत. पाहून सांग, मी कुठं कमी पडली. बोटं चुकते का माये?”

मी फायली उघडल्या आणि सवयीने चुकांची वर्गवारी करू लागले. चुकीचे अक्षर, जागा बदललेली अक्षरे, गळालेले अक्षर. पंधरा-वीस पानांतच चित्र स्पष्ट झाले. चुकीचे बटन त्यांनी क्वचितच दाबले होते. गळालेली अक्षरे मात्र पानोपानी होती. बोट योग्य जागी गेले होते, बटनाने ते घेतले नव्हते. मग थांबणे, मागे जाणे, खोडणे, पुन्हा टाइप करणे. सगळी गती तिथे सांडली होती, आणि थांबून मागे पाहायची तीच सवय परीक्षेलाही त्यांच्याबरोबर गेली असणार.

“बोटं नाई चुकत,” मी म्हणाले.

“मंग?”

तेव्हा मी सांगितले. पहिला तक्ता, दुसरा, तिसरा. दुकानात त्या म्हणाल्या ते बरोबर होते आणि मला ते आधीपासून ठाऊक होते. प्रोग्राम चालू असतानाही टाइप करता येत होते. कडीचेही सांगितले.

मामांनी वर्तमानपत्राची घडी केली. “म्हंजे लॅपटॉप खराब हाय का?”

“नाई, मामा. चांगला हाय.”

“मंग झालं काय? चांगला हाय तं चांगला हाय. तू बी वापरला तं का झालं, आपल्याच वस्तीची पोरगी होय ना तू. शिकली त्याच्यावर.”

त्यांनी मला इतक्या सहज सोडले की मला अधिकच कोंडल्यासारखे झाले. वहिनींनी सोडले नाही. त्यांना सगळे समजले होते, तक्त्यासकट.

“म्हंजे मी बटन दाबून पाह्यलं अन् बोलली, तवा तुले मालूम होतं.”

“हो.”

“अन् सवय होईन म्हनली तू मले.”

“हो.”

“मी घरी जाऊन बोटालेच दोष देत होती वं,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “पोरगं माह्यं म्हने, आई, तू म्हातारी झाली, बोटं जड झाले तुये. मी हो म्हनली त्याले.”

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली. स्वीकारली की नाही ते सांगितले नाही. उठताना म्हणाल्या, “आता परीक्षा होत परेंत हा इथून हलनार नाई. कपाटात ठेवू, चाबी मामाजवय राहीन. अन् तू मले शिकवाले येजो नको. मी माया मनानं करीन.”

दुसऱ्या दिवशी मी पुलगावच्या बाजारातून खोल बटनांचा, पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणला. लॅपटॉपला तो बाहेरून जोडता येतो. टेबलावर ठेवला, जोडला, चालतो का ते पाहिले. सोप्यात सोपा उपाय होता आणि तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवा होता, ठाऊक होताच. मामांनी कपाटाला कुलूप बसवून घेतले. मी माझ्या जुन्या यंत्राकडे परतले.

पुढच्या खेपेला वहिनी उत्तीर्ण झाल्या. मी तेव्हा नव्या शहरात रुजू झाले होते. मामांनी फोनवर सांगितले. एका उदाहरणावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगेन. सराव वाढला असेल, उतारा सोपा आला असेल, भीती गेली असेल. पण तीच बाई, तीच बोटे, मध्ये बदलला तो कीबोर्ड. आणि त्यांच्या यशाची बातमी ऐकून मला आनंदाच्या आधी जे वाटले ते पकडले गेल्यासारखे होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अभिनंदन करायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला, बाजूला चकली ठेवली, नव्या शहरातल्या जेवणाची चौकशी केली. नोकरी आता कायम झाली ना, असे मी विचारले.

“झाली,” त्या म्हणाल्या. “ते ताकीद तेवढी सेवापुस्तकात लिहून हाय. आमचे साहेब म्हनते, ते काई काढता येत नाई.”

“अर्ज करून पाहू का? मी लिहून देते.”

“काय लिहिशीन?”

खरे कारण लिहायचे तर माझ्या तक्त्यापासून सुरुवात करावी लागली असती. त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेल्या.