उभी मावशी

बसून मासे विकणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या. उभं राहून विकणारी एकच पाहिली. कमरेइतक्या उंच लोखंडी टेबलामागे ती उभी असे. पाठ सरळ, नजर समोर. मासा निरखायचा झाला की तो तिच्या डोळ्यांपर्यंत वर यायचा, ती माशापर्यंत खाली जायची नाही. करंजाड्यात नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, बाईला भलताच ताठा आहे. जुन्यांना ठाऊक होतं की तिच्या पाठीचे दोन मणके दबलेले आहेत. आमच्या गल्लीत तिचं नावच पडलं होतं, उभी मावशी. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण मासेवालीला आपण मावशी म्हणायचं आणि तिने आपल्याला ताई, हा करार कुणी केला कुणास ठाऊक. आम्ही दोघींनी तो निमूटपणे पाळला.

एके काळी तीही बसायची. ती उरणजवळच्या मोऱ्याची. सकाळी बंदरावर मासळी घ्यायची, चौघींनी मिळून ठरवलेल्या टेम्पोने करंजाड्याच्या नाक्यावर उतरायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि चालत आमच्या इमारतीच्या फाटकाशी. तिथे विळीचा पाट पायाखाली दाबून ती उकिडवी बसायची आणि गिऱ्हाइकं कमरेत वाकून तिच्याशी बोलायची. आपल्या मालाची तारीफ तिने कधी केली नाही. मासे ताजे आहेत का, असं कुणी विचारलं की म्हणायची, “डोला बघा नि ठरवा. माज्या सांगन्याला काय अर्थ, मासा माजाच हाय ना.” आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि बोलणं अजून त्याच खुर्चीवरून चालायचं. त्यांनी एकदा पापलेटचा उगम काय, असं विचारलं. मावशीने कोलंबी सोलता सोलता सांगितलं, “समुद्र.”

एका पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली. झालं होतं असं: नाक्यावर टेम्पोतून भरलेली पाटी उतरवून घेताना ती कमरेत वळली आणि पाठीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. तिला वाटलं चमक भरली. चमकेवर आपल्याकडे ठरलेला इलाज आहे. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसाने, म्हणजे पायाळूने, कमरेला पाय लावला की चमक जाते. ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही आहे, फक्त तिथे ती हळू आवाजात सांगतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे उचलणारा एक पायाळू तिच्या ओळखीचा निघाला. चांगला धिप्पाड. त्याने मनोभावे तीनदा पाय लावला. चमक गेली नाही, शेजारचा मणका गेला.

पण त्या माणसाला तिने कधी बोल लावला नाही. “त्याचा पाय बरोबर लागला, ताई,” ती मला म्हणाली होती. “माजी पाठच चुकीची व्हती.”

हे तिने सांगितलं ते माझ्या घरात. महिनाभराने ती रिकाम्या हाताने, कमरेला पट्टा बांधून वर आली. मी दिवाणावर बस म्हटलं, पण दिवाण बुटका म्हणून ती भिंतीला टेकून उभीच राहिली. पनवेलच्या डॉक्टरांनी क्ष-किरण काढून, हाडं ठिसूळ झालीत, आता जपून राहा, म्हणून सांगितलं होतं आणि हातात एक छापील कागद दिला होता. कागद इंग्रजीत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, तेव्हा वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं. तिला मी सांगितलं नाही ते एवढंच की याच मजकुराचा एक कागद, माझ्या नावाच्या तपासणी अहवालासोबत, दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होता. मी तो वाचला होता, हसले होते आणि साड्यांखाली ठेवून दिला होता.

हसण्यासारखाच होता तो. कुठल्या तरी परदेशी पत्रकावरून जसाच्या तसा उतरवलेला. दैनंदिन जीवनात टाळावयाच्या गोष्टींत पहिली होती गोल्फ.

“गोल्फ म्हंजे?”

मोठ्या माळावर लांब काठीने छोटा चेंडू हाणत हाणत एका भोकापर्यंत न्यायचा, असं मी सांगितलं. तिने ते नीट मनात आणून पाहिलं. “मग सोडला गोल्फ,” ती म्हणाली. “फुडं?”

पुढे होतं, दारापुढचं बर्फ फावड्याने उपसू नये. मी हे वाचून हसू दाबलं. ती हसली नाही.

“ह्या बरोबर लिवलाय. बर्फ तर मी रोज उपसते.”

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कागद मूर्ख नाही, तो फक्त दुसऱ्या गावचा आहे. गोल्फ का नको? तर कमरेत पीळ बसतो म्हणून. बर्फ का नको? ओणवून, अंगापासून लांब ओझं उचललं जातं म्हणून. मग मी कागद उलटा केला आणि आम्ही दोघींनी त्याचं करंजाडे-मोऱ्याचं रूप तयार केलं. ती आपला दिवस उठल्यापासून सांगत गेली, मी लिहीत गेले. अंथरुणातून सरळ उठून बसायचं नाही, कुशीवर होऊन हाताच्या रेट्याने उठायचं. हंडा, कळशी, भरलेली बादली नको. तांब्या तांब्याने पाणी भरलं तरी घर चालतं. वाकून केर काढायचा नाही, लादी पुसायची नाही. ओल्या मोरीत अनवाणी नाही. टेम्पोत मागच्या चाकावर बसायचं नाही, खड्ड्याचा दणका थेट कण्यात जातो. शिंक आली तर आधी भिंत धरायची, मग शिंकायचं. आणि कुठल्याही जन्माच्या माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा नाही. हे कलम तिने स्वतः घातलं.

पाटी आणि विळी मी शेवटी लिहिली. लिहायला हात धजत नव्हता. डोक्यावर ओझं नको, उकिडवं बसणं नको, ओणवून कापणं नको, म्हणजे धंद्यातलं उरलं काय? मग तिने विचारलं, “उभा ऱ्हायला बंदी नाय ना?”

मी कागद पुन्हा पाहिला. उभं राहायला बंदी नव्हती. चालायला तर शिफारस होती.

“मग झाला,” ती म्हणाली.

तिचा मुलगा उरणच्या बंदरात कामाला होता. त्याने कुणाकडून तरी चाकांचं लोखंडी टेबल जोडून घेतलं आणि एका मोठ्या पाटीच्या जागी चार लहान टोपल्या आल्या. टेम्पोवाला त्या थेट फाटकाशी उतरवून देऊ लागला. अडचण होती कापण्याची. जन्मभर पायाखाली पाट दाबून विळीवर मासा चालवलेला हात, त्याला आता उभ्याने लाकडी ठोकळ्यावर सुरी चालवायची होती. पहिले काही रविवार सुरमईचे तुकडे असे पडले की कुटुंबात वाटणीवरून भांडण व्हावं. गिऱ्हाइकं कुरकुरली. ती शांतपणे म्हणायची, “तुकडा वाकडा हाय, मासा सरल हाय.” दोन महिन्यांत तुकडेही सरळ झाले. टेबलामागे गोणपाट अंथरलेला असे, पाय घसरू नये म्हणून. बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायची, दोन्ही हात टेबलावर रोवायची, शिंकायची आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे चालू करायची.

टेबलामुळे आणखी एक गोष्ट झाली. ती बसायची तेव्हा आम्ही तिच्याशी वरून बोलायचो. आता तिचे डोळे आमच्या डोळ्यांसमोर आले आणि घासाघीस करताना पुष्कळांना अवघडल्यासारखं होऊ लागलं. सगळ्यात अवघडले ते अध्यक्ष. थोड्याच दिवसांत सूचनाफलकावर कागद लागला की फाटकालगत टेबल मांडणे हे अतिक्रमण असून ते आठ दिवसांत हटवावे. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, तिच्याबद्दल त्यांना आदरच आहे. पूर्वीप्रमाणे खाली बसून विकायला सोसायटीची काहीच हरकत नाही. खाली बसली तर ती फेरीवाली, टेबल मांडलं की ते दुकान. नियम सगळ्यांना सारखा.

मावशीला मी हे सांगितलं. तिने टेबल पुसत ऐकून घेतलं. दुसऱ्या सगळ्या फाटकांवर दुसऱ्या बायका होत्या. तिची गिऱ्हाइकं ती आमचीच.

“ताई, बसले तर तिसरा मनका जानार,” ती म्हणाली. “नाय बसले तर धंदा जानार. कंचा जाऊ द्यायचा, तेवढा लिवून द्या.”

हे मला लिहून देता आलं नाही. मी तिला रविवारच्या सभेला बोलावलं.

सभा म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीत सात प्लास्टिकच्या खुर्च्या. मी कागद घेऊन गेले होते, कण्याबद्दल चार वाक्यं तयार केली होती. ती कुणी ऐकली नाहीत. अध्यक्ष म्हणाले, वैद्यकीय कारणं प्रत्येकाकडे असतात, माझ्याकडेही आहेत. बसण्यात एवढं काय अवघड आहे? आपले वाडवडील असेच बसत, म्हणून तर त्यांची प्रकृती उत्तम होती. आणि हा मुद्दा पुराव्यानिशी मांडावा म्हणून, इस्त्रीच्या पॅन्टसकट, ते सभेच्या मध्यभागी उकिडवे बसले.

बसले छान. तशाच स्थितीत त्यांनी आणखी दोन वाक्यं उच्चारली. मग उठायला गेले आणि उठता येईना. एकदा गुडघ्यावर हात ठेवून पाहिला, एकदा जमिनीवर. चेहरा लाल झाला. खजिनदार आणि वॉचमन दोन्ही बगलांत हात घालून त्यांना वर खेचायला धावले, तोच दाराशी उभ्या असलेल्या मावशीचा आवाज आला. तिचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

“ओढू नका त्यांना. हाडा जातील.”

सगळे थांबले. तिने पायाने एक खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. वाकली नाही. मग लहान मुलाला शिकवावं तसं एकेक सांगितलं. आधी दोन्ही गुडघे टेका, साहेब. आता एक पाऊल फुडं. हात खुर्चीवर. पाठ सरल ठेवा, खाली बघू नका, माज्याकडं बघा. आता उठा. अध्यक्ष तिच्याकडे बघत बघत उठले. खोलीत कुणी हसलं नाही, आणि न हसण्याला किती कष्ट पडले हे माझं मला माहीत.

“तुमी पन एकदा तपासून घ्या,” ती त्यांना म्हणाली. “बाप्यांची पन जातात हाडा.”

त्या दिवसाच्या इतिवृत्तात टेबलाबद्दल ‘विषय पुढील सभेत घ्यावा’ अशी नोंद झाली. तो पुढे कुठल्याच सभेत आला नाही. सूचनाफलकावरचा कागद पावसाने फाटला. अध्यक्ष यथावकाश तपासून आले असावेत, कारण ते मासे घ्यायला स्वतः येऊ लागले आणि पापलेट बांधून होईपर्यंत हळूच काहीतरी विचारू लागले. काय विचारत, ते मावशीने कधी सांगितलं नाही. त्यांचं ते त्यांच्यापाशी, म्हणाली.

मला मात्र तिने पकडलं. हाडांची गोळी रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं मी तिला एकदा बजावलं. ती म्हणाली, “ह्या तर कागदावर नवता.” आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी साड्यांखालच्या अहवालाची कबुली दिली. दुसऱ्या दिवशी धंदा आटोपून ती वर आली आणि माझ्या स्वयंपाकघराची झडती घेतली. खालच्या कप्प्यातला कुकर आणि पिठाचा डबा कमरेच्या उंचीवर आला, वर्षाकाठी दोनदा लागणारी पातेली खाली गेली. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं मी सोडावं म्हणून तिने स्टूलच वॉचमनला बसायला देऊन टाकलं. जन्मभर इतरांना पुस्तकं दिली मी. वाचलेलं अंगी कसं आणायचं ते हिने शिकवलं.

टेबलामागे ती सहा वर्षं उभी राहिली. तिसरा मणका गेला नाही. मग मुलाने मोऱ्याच्या घराच्या पडवीत तिच्या मापाचा, कमरेइतका उंच ओटा बांधला, सुकी मासळी मांडायला. टेम्पोचे खड्डे नकोत, घर सोडायला नको. ती निरोप घ्यायला आली तेव्हा हात कोरडे होते, अंगावर नवी साडी होती, आणि आम्ही दोघी एकमेकींना जरा परक्याच वाटत होतो. मी चहा केला. तिने तो उभ्यानेच घेतला. निघताना मला काय झालं कुणास ठाऊक. वयाने मोठी मी, पण तिच्या पायांशी हात न्यावा असं फार वाटलं आणि मी वाकायला लागले.

तिने माझं कोपर घट्ट धरलं आणि मला होते तशी सरळ केली.

“वाकायचा नाय, ताई,” ती म्हणाली. “मी मेल्यावं पन फोटोला उभ्यानीच हात जोडा.”